माझ्या भावाच्या मावश्या

आमच्या आईला सख्खी बहीण नव्हती. एक चुलत होती, तीही परकर नेसायच्या वयातच गेलेली. तरी माझ्या भावाच्या मावश्या दर हंगामाला मरायच्या. मे महिन्यात जरा जास्त आणि गणपतीत तर विचारूच नका.

भाऊ माझ्याहून धाकटा. सात सीटची गाडी चालवतो, रत्नागिरी स्टेशनबाहेर नंबर लावतो आणि मिरजोळ्याला भाड्याच्या खोलीत राहतो. मी रत्नागिरीतच एका पतसंस्थेत कारकुनी करते. नवरा मुंबईत. गाव आमचं खेडपासून आत, तिथे आई आणि भावाची बायको. बायको गावी का, तर आईला रत्नागिरीत करमत नसे आणि एकटीला ठेवायची आमची हिंमत नव्हती.

मावश्यांचं काय ते सांगते. आमच्याकडे रस्ता कितीही तुंबलेला असो, कुणी काच खाली करून "मयताला चाललोय" म्हटलं की पुढचा माणूस दुसरा प्रश्न विचारत नाही. कोण गेलं, कधी गेलं, काही नाही. मुकाट्याने गाडी गटाराच्या कडेला घेतो आणि वाट देतो. घरटी एक तरी माणूस मुंबईला, त्यामुळे लेक येईपर्यंत मयत धरून ठेवायचं म्हणजे काय, हे आमच्याकडे प्रत्येकाने एकदा तरी बघितलेलं असतं. म्हातारी माणसं तर जाणाऱ्या गाडीला हातही जोडतात.

स्टँडवरच्या गाडीवाल्यांना हे चांगलंच ठाऊक. रांगेत अडकलं, गिऱ्हाईक कुरकुरायला लागलं, पुढचं भाडं हातचं जायची वेळ आली, की हे लोक मावशी काढायचे. हा त्यांचाच शब्द. "आज मावशी काढली बघ, चिपळूणपर्यंत सुसाट." मावशीच का, असं मी एकदा विचारलं, तेव्हा भाऊ म्हणाला, "काकी भावकीतली. तिचं सुतक लागतं, उगाच अपशकुन कशाला? मावशीचं आपल्याला काय लागत नाय." आई-बाप काढायचे नाहीत, बायको-पोरं तर नावच नको. ते पाळायचे मात्र सगळे, अगदी देवाची शपथ असल्यासारखे.

बाकी काही पाळायचे नाहीत. वळणावर ओव्हरटेक, एका हातात स्टिअरिंग आणि दुसऱ्यात मोबाइल, समोरून एसटी येतेय तरी लाइट मारून तिलाच दटावायचं. रांग दिसली की माझ्या भावाच्या अंगात येतं. सरळ उजवीकडे बाहेर काढणार. त्याच्या मागे दुसरा, दुसऱ्याच्या मागे दहा. समोरूनही असलेच शहाणे येतात, मग तोंडाला तोंड लागतं आणि मागे घ्यायला कुणालाच जागा उरत नाही. रस्ता अरुंद, रस्ता खोदलेला, हे सगळं खरं. पण अर्धी कोंडी या लोकांनी स्वतःच्या हाताने केलेली असते आणि मग त्यातूनच सुटायला मावशी काढायची. मी त्याला कितीदा झापलं. "ताई, तू एसटीतनं जा," एवढंच उत्तर.

झापायची तशी हसायचीही. खोटं कशाला बोलू? तो गावी पडवीत जेवायला बसला की मावशी कशी मेली ते साभिनय सांगायचा. मागच्या सीटवरच्या बायकांना "तोंडाला पदर लावा" म्हणून सांगितलं, आणि त्यातल्या एकीला हसू आवरेना तर पुढच्याला वाटलं हुंदकेच देतेय. आई ताटात भात वाढता वाढता म्हणायची, "मेल्या, माझी एक तरी बहीण शिल्लक ठेव." आम्ही सगळे खदाखदा. तीच गोष्ट मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात चहाच्या वेळी तिखटमीठ लावून सांगायची.

आई मेमध्ये गेली. सकाळी चहा प्यायली, पडवीत भिंतीला टेकून बसली आणि बसल्या जागी गेली. मी ऑफिसला निघाले होते, तोंडाला पावडर, अंगावर मोतिया रंगाची साडी, लग्नसराईत घेतलेली. भावाच्या बायकोचा फोन आला आणि मी तशीच चपला घालून रस्त्यावर येऊन उभी राहिले. कपडे बदलायचं सुचलंच नाही. नवरा तिकडून परस्पर निघाला.

गावाहून चुलत्यांचा फोन आला. आमच्या वाडीत ते सगळ्यांत थोरले, त्यांचा शब्द शेवटचा. म्हणाले, "बाय, ऊन लय हाय. बर्फाची लादी बघायला माणसं खेडात जाऊन आली, लग्नांमुळं कुठं मिळाली नाय. दुपार कलेपर्यंत धरतो. त्याच्या पलीकडं मला सांगू नको." एकुलता एक मुलगा पोचला नाही तर अग्नी चुलतभाऊ देणार. आणि मला काही अग्नी द्यायचा नव्हता, मला फक्त तिचं तोंड बघायचं होतं. चुलतभावाने वाडीच्या ग्रुपवर तिचा फोटो टाकलेला होता, खाली "भावपूर्ण श्रद्धांजली" आणि फुलं. मी तो उघडला नाही. म्हटलं, मोबाइलवर कशाला, जाऊन बघीन ना माझ्या डोळ्यांनी.

भाऊ गाडी घेऊन आला तेव्हा त्याच्या शर्टाची बटणं वरखाली लागली होती. आणि काय सांगू, आयुष्यात पहिल्यांदा त्याने गाडी सरळ चालवली. हातखंब्याच्या तिठ्यावर थांबला, डावी-उजवी बघितली, मगच वळला. संगमेश्वरपर्यंत कुणाला मागे टाकलं नाही. डावीकडचा पांढरा पट्टा धरून नुसता चालला होता. मीच शेवटी म्हटलं, "अरे हाण की जरा! कुणाची वरात आहे का?" इतकी वर्षं हळू चालव म्हणून ओरडणारी मी, आणि त्या दिवशी मीच.

संगमेश्वर सोडल्यावर पुलाचं काम होतं तिथे रांग लागली. साधी रांग नव्हे, बघावं तिथवर गाड्यांची छपरं उन्हात चकाकताहेत. मुंबईची, पुण्याची, कोल्हापूरची पाहुणेमंडळी, आंब्याचे टेंपो, एसट्या. आणि नेहमीप्रमाणे शहाणे उजवीकडून घुसलेले, दोन गाड्यांच्या रस्त्यावर तीन रांगा. इंजिनं बंद करून लोक सावलीला उतरले होते. एका गाडीतून तर कुणी कलिंगड कापून खात होतं.

मी सारखा फोन बघत होते. भाऊ स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसला होता. म्हटलं, "सांग ना पुढे जाऊन. खरंच चाललोय आपण." मी पुन्हा म्हटलं तर म्हणाला, "माझ्या तोंडातनं नाय येत गो आज." मला असा संताप आला! एरवी कुणाच्या लग्नाला पोचायला तोंड चालतं आणि सख्ख्या आईसाठी नाही? मी त्याला नाही नाही ते बोलले. चुलत्यांचा पुन्हा फोन आला, कुठवर पोचलात म्हणून. तेव्हा त्याने गाडी सुरू केली, उजवीकडे काढली आणि घुसलेल्यांच्या मागोमाग पुढे नेत राहिला. शेवटी एका आंब्याच्या टेंपोने वाट अडवली होती तिथे थांबलो. टेंपोवाला आणि आणखी चार-पाच जण खाली उतरून तिथली वाहतूक हाकत होते, आतल्या गाड्या मागे घ्यायला लावत होते. त्यांच्यामुळेच जे काही हलत होतं ते हलत होतं.

भावाने काच खाली केली. "दादा, जरा वाट द्या. मयताला चाललोय."

टेंपोवाला हात वर करून वाट करायला वळलाच होता. मग थांबला. वाकून नंबरप्लेट बघितली, भावाचं तोंड बघितलं.

"तू स्टेशनवरचा ना रे?"

"हो."

"मागल्या खेपेला तुझी मावशी गेली होती. तुला वाट द्यायला मी चाक गटारात घातलं, आंब्याच्या पेट्या खाली आल्या माझ्या. पुढं येऊन बघतो तर तू वऱ्हाड घेऊन रसवंतीवर रस पीत उभा. नवऱ्याच्या बाशिंगासकट." तो ओरडत नव्हता, ते जास्त वाईट. "आज कोण? काकी?"

भावाने मान खाली घातली. "आई," म्हणाला.

तो माणूस क्षणभर नुसता बघत राहिला. मला वाटलं, समजला. कसलं काय! आई-बाप काढायचे नाहीत हा स्टँडवाल्यांचा नेम त्यालाही माहीत असणार, या धंद्यातला माणूस तो. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कुणाच्या चेहऱ्यावर माझ्या माणसाबद्दल कधी बघितलं नव्हतं. थुंकला बाजूला. "आईपर्यंत आलास? आं? मागं काचेवर काय लिवून ठेवलंयस ते तरी वाच एकदा." मागच्या काचेवर 'आईचा आशीर्वाद' लिहिलेलं आहे, ठळक, लाल अक्षरात. मग बाकीचे जमले. एकाने बॉनेटवर थाप मारली. कुणीतरी म्हणालं, "बाई पण घेऊन आलाय सोबत, बघा नटवून."

मी खाली उतरले. सकाळपासून डोळे गळत होते आणि नेमकं तेव्हा एक टिपूस येईना. कोरडे ठक्क. मोतिया साडी, तोंडावर पावडरीचे ओघळ, आणि मी हात हलवून सांगतेय, "अहो खरंच गेली हो, आमची आई गेली, खेडला चाललोय आम्ही." माझंच बोलणं मला खोटं वाटायला लागलं. त्या लोकांच्या जागी मी असते तर मीही ठेवला नसता विश्वास. टेंपोवाला म्हणाला, "ताई, घरी जा. असल्या गोष्टीत बाईमाणसाने पडू नये."

तेव्हा मला तो फोटो आठवला. भावाने आतून बघितलं मी काय करतेय ते, आणि "नको गो ताई" म्हणाला. मी ग्रुप उघडला. फोटो आधी नुसता धुरकट, त्यावर गोल फिरतोय. तिथे रेंज कुठली? आम्ही पाच-सहा माणसं भर उन्हात त्या फिरणाऱ्या गोलाकडे बघत उभी. एक जण म्हणाला, "नेट नाय हितं, जरा तिकडं या, गडग्यापाशी येतं." मी फोन धरून रस्त्याकडेच्या दगडी गडग्यापाशी गेले, सगळे माझ्या मागून. आणि तिथे माझी आई आली. नाकात कापूस, ओठांवर तुळशीचं पान, नवं कोरं लुगडं छातीपर्यंत. डोळे नीट मिटलेले नव्हते.

मी बघितलं तेव्हाच त्या सगळ्यांनी बघितलं. माझ्या खांद्यावरून.

टेंपोवाल्याने फोन माझ्या हातातून घेतला. फोटो बघितला, मग माझ्याकडे बघितलं, मग परत फोटो. तोंडवळा जुळवून बघत होता. मी आईवर गेलेय असं लहानपणापासून ऐकत आले, त्या दिवशी ते कामाला आलं. त्याने डोक्यावरची टोपी काढली, फोन कपाळाला लावला आणि माझ्या हातात परत दिला. मग रस्त्याच्या मध्ये जाऊन ओरडला, "खरं हाय रे! खरं मयत हाय! घ्या बाजूला!"

आणि पुढे ते ओरडणं या गाडीपासून त्या गाडीपर्यंत गेलं. खरं हाय, खरं हाय. एसटीचा ड्रायव्हर, दूधवाला, टुरिस्ट गाड्या, सगळ्यांनी आपापली चाकं कडेच्या मातीत घातली. टेंपोवाला आमच्या पुढे पळत वाट करत होता, घामाने थबथबलेला. एका पुण्याच्या गाडीतल्या बाईने विचारलं, काय झालं, तर त्याच्याबरोबरचा एक जण म्हणाला, "यांची आई गेलीय. फोटो बघितला आम्ही." ती बाई माझ्याकडे बघून हळहळली. मला वाटलं, फोन फेकून द्यावा आणि त्याच्यामागोमाग दरीत उडी टाकावी. त्या माणसांनी एवढं केलं आणि मला त्यांचा राग येत होता. भावाचा येत होता. आणि माझा तर विचारू नका.

रस्ता मोकळा लागला, तरी भाऊ हळूच चालवत होता. बऱ्याच वेळाने समोर बघतच म्हणाला, "ताई, कशी दिसते गो?"

एवढ्या लोकांनी तिला बघितलं होतं, फक्त त्याने नव्हतं बघितलं. मला कळायला हवं होतं. पण मी म्हटलं, "टेंपोवाल्याला विचार."

परशुराम घाटात मी एकदा चोरून त्याच्याकडे बघितलं. शर्टाच्या बाहीने नाक पुसत होता, आणि पुसताना दोन्ही हात स्टिअरिंगवरून सुटू नयेत म्हणून तोंड खांद्याकडे नेत होता.

पोचलो. चुलत्यांनी धरून ठेवलं होतं तिला. ऊन कललं होतं, बायका पंख्याने वारा घालत होत्या, उदबत्त्यांचे पुडेच्या पुडे लावलेले. भाऊ अंगणात पाऊल टाकताक्षणी उंबराचं झाड पडावं तसा पडला, त्याला दोघांनी उचलून आत नेलं. चुलत्यांनी तोंडावरचं फडकं बाजूला केलं. "बघून घे बाय. तुझ्यासाठीच थांबलीय." मी बघितलं. तेच पान, तोच कापूस. मला वाटलं होतं की तिला बघितलं की काहीतरी होईल, फुटेल आतून. मी हे आधी बघितलंय, एवढंच मनात आलं. गडग्यापाशी, लोकांच्या घोळक्यात. बायका मला धरून "रड गो, रड" म्हणत होत्या आणि मी नुसती उभी.

चुलते भावाला म्हणाले, "लवकर आलात रे. आम्ही म्हटलं, रस्ता भरलेला असंल."

भाऊ म्हणाला, "लोकांनी वाट दिली."

"देणारच. आपल्याकडं मयताला कोण अडवतो?" चुलते म्हणाले आणि मडकं आणायला सांगितलं. त्यांना अभिमान होता आपल्या मुलुखाचा. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलंसुद्धा नाही.

आई गेल्याचं दुःख मला धड झालंच नाही. लाजच पुढे येऊन बसली. रात्री डोळे मिटले की आईच्या आधी ती माझ्या खांद्यावरून डोकावणारी तोंडं दिसायची. ती वाईट माणसं असती तर बरं झालं असतं. त्यांनी टोप्या काढल्या होत्या.

आईचे दिवस झाले आणि आम्ही रत्नागिरीला परत निघालो. भाऊ मुंडण केलेला, टोपी घातलेली. आदल्या दिवशी स्टँडवरच्या एकाचा फोन आला होता, हसत हसत काहीतरी मावशीचं बोलला बहुतेक, तेव्हा भावाने ऐकून न घेता फोन ठेवला होता. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, एवढं तरी.

पुलाच्या कामापाशी पुन्हा रांग. आम्ही रांगेतच उभे, डावीकडे, गुपचूप. मागून हॉर्न वाजायला लागला. एक पांढरी गाडी आमच्या बाजूला येऊन थांबली, त्यातल्या ड्रायव्हरने हात बाहेर काढून भावाला खूण केली. "दादा, थोडी जागा द्या. मयताला चाललोय, संगमेश्वरला."

भावाने एक प्रश्न विचारला नाही. लगेच गिअर टाकला, डावीकडचा इंडिकेटर दिला, चाक कडेच्या मातीत उतरवायला लागला. माझ्या बाजूची काच खाली होती. त्या गाडीत मागे एक बाई बसली होती, माझ्याच वयाची, अंगावर चांगली साडी, डोळ्यांना रुमाल लावलेला. ऊन होतं. घाम पुसत असेल, नाहीतर रडत असेल. मी वाकून नीट बघितलं, तरी कळेना. तिनेही रुमाल खाली करून माझ्याकडे बघितलं.

आणि मी भावाच्या मनगटावर हात ठेवला, म्हटलं, "थांब जरा. बघू दे आधी."